सेंधव्याहून न आलेली पंधरा

फेब्रुवारीतला रविवार. द्राक्षं घेऊन इंदूरला निघालेल्या टेम्पोवाल्याने सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मध्य प्रदेशातल्या सेंधव्याजवळ एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत क्रेटची दारं उघडली आणि मामांची २२ कबुतरं सुटली. सगळी वर्षाच्या आतली. दोन मिनिटांत व्हिडिओ मोबाइलवर आला. आभाळ स्वच्छ, वारा नावापुरता. थव्याने दोन गिरक्या घेतल्या आणि नैर्ऋत्येची वाट धरली. नाशिक तिकडेच.

कबुतरांच्या रेसिंगमध्ये अंतर रस्त्याने मोजत नाहीत. सुटण्याच्या जागेपासून तुमच्या ढाबळीपर्यंत सरळ रेषा धरतात. सेंधवा ते पंचवटीतली हिरावाडी ही रेषा साधारण २३० किलोमीटर भरते. लागलेल्या वेळेने तिला भागलं की मिनिटाला किती मीटर ते निघतं, आणि सगळे हिशेब त्याच आकड्यात चालतात. शांत हवेत बरा होमर (लांबून घरी परतणारं शर्यतीचं कबुतर) ११०० च्या आसपास काढतो, म्हणजे पावणेअकराच्या आत पहिलं कबुतर फळीवर हवं होतं. दहा बावन्नला एक उतरलं, १०३६ च्या वेगाने. मामांनी पुढची शिट्टी तोंडात धरूनच ठेवली. दुसरं आलं बाराला. दिवे लागेपर्यंत पाच. सोमवारी एक आलं, छाती फाटलेलं. मंगळवारी दुपारी आणखी एक. संपलं. सात आली, पंधरा गेली.

कबुतरवाले अशी गोष्ट दोनच तऱ्हांनी सांगतात: ‘ससाण्याने मारली’ नाहीतर ‘लाइनच (म्हणजे रक्तच) खराब निघाली’. हे प्रकरण दोन्हीत बसेना, म्हणून सगळं मांडून ठेवतोय. मामांकडे पारखीची नजर आहे, माझ्याकडे वही. प्रत्येक पिल्लाच्या पायात सातव्या-आठव्या दिवशी बंद रिंग जाते, कारण त्यानंतर पाय जाड होतो आणि रिंग चढतही नाही, निघतही नाही. त्याच दिवशी वहीत एक ओळ पडते: रिंग नंबर, बाप, आई, आणि पुढे प्रत्येक टॉसला, म्हणजे लांब नेऊन सोडलं की, आलं की नाही, कितवं आलं. या प्रकरणात मला उत्तर मिळालं ते वहीत आधीपासून होतं, फक्त मी ते दुसऱ्याच रकान्यात शोधत होतो.

आता ढाबळीविषयी. मामा मूळचे टिपलरवाले. गच्चीवरून सोडायची आणि तासन् तास डोक्यावर उंच ठेवायची, ही जुन्या नाशकातली रीत. होमरचा नाद नंतर लागला. २०२० च्या नोव्हेंबरात बेल्जियममधली ‘न्यू किम’ नावाची मादी लिलावात १६ लाख युरोला, म्हणजे तेव्हाच्या सुमारे १४ कोटी रुपयांना गेली. ती बातमी मामांनी भेटेल त्याला वाचून दाखवली. मामींनाही दाखवली, ती चूक झाली. पुढे नव्या स्कूटरच्या पैशात दोन जोडे परराज्यातून आले, आणि स्कूटरचा विषय घरात अजून निघतो.

या जोड्यांबरोबर चार पिढ्यांच्या वंशावळीचे तक्ते आले होते. त्यात ‘जॅन्सेन’ हे नाव तीन ठिकाणी होतं. बेल्जियममधल्या आरेंडोंक गावच्या जॅन्सेन बंधूंनी आपलं घराणं दशकानुदशकं जवळजवळ बंद ठेवून पैदास केली आणि त्यांची कबुतरं लहान-मध्यम पल्ल्याला वाऱ्यासारखी निघाली, हे खरं. पण आज हे नाव जगातल्या निम्म्या कागदांवर सापडतं, त्यामुळे नुसत्या नावाने काही सिद्ध होत नाही. शिवाय हजार किलोमीटरच्या बार्सिलोनासारख्या शर्यतीची घराणी वेगळी, हॉलंडमधल्या स्टेनबर्गनच्या यान आर्डेनची वगैरे. हे सगळं मामांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी कागद कागदच असतो. त्या जोड्यांना आमच्याकडे ‘कागदाचे जोडे’ असंच नाव पडलं.

दुसरीकडे ‘चिमणी’. हलकी, अरुंद छातीची, फिक्या डोळ्याची मादी, कुणीतरी नको म्हणून दिलेली. तिचं काम एकच: कागदाच्या जोड्यांची अंडी उबवणं. याला फोस्टर म्हणतात. मामी म्हणतात दूधआई, आणि तो शब्द जास्त खरा आहे. कबुतराची मादी दोन अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने सतरा-अठरा दिवस बसतात, आणि पिल्लं फुटायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीचं अस्तर जाडावून त्यातून दह्यासारखं दूध सुटायला लागतं. पहिले काही दिवस पिल्लू त्याच्यावरच जगतं. म्हणून अंडी बदलताना दोन्ही जोड्यांच्या तारखा एक-दोन दिवसांच्या आत जुळाव्या लागतात. नाहीतर पिल्लू फुटतं आणि दूधच नसतं. ज्या खेपेला तारीख जुळायची नाही, त्या खेपेला कागदाचे जोडे आपली पिल्लं आपणच वाढवायचे आणि चिमणी आपली. हा योगायोग पुढे फार कामाला आला.

पहिला संशय टेम्पोवाल्यावर. पण व्हिडिओत वेळ होती, सूर्य होता, मागे ढाब्याची पाटी होती. बिचाऱ्याने मामांचे तीन फोन शांतपणे ऐकून घेतले.

मग ससाणा. सेंधव्याहून निघालं की बिजासनचा घाट, शिरपूरजवळ तापी, धुळ्याला लळिंगचा किल्ला, मालेगाव, मग राहुडचा घाट आणि चांदवड. म्हणजे सातपुडा आणि सातमाळा या दोन्ही रांगा ओलांडाव्याच लागतात. शाहीन ससाणा राहतो अशाच उभ्या कड्यांवर. सोमवारी आलेल्या नराच्या छातीवर नखांची ओळ स्पष्ट होती, तेव्हा झडप पडली हे नक्की. ससाणा एका झडपेत एकच नेतो, पण थवा फोडतो, आणि फुटलेल्या थव्यातली कोवळी पाखरं भरकटतात. म्हणून मामांनी इथेच फाइल बंद करायचं ठरवलं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्याच महिन्यात मालेगावहून सोडलेली सगळी परत आली होती. राहुड आणि चांदवड तेव्हाही वाटेतच होते.

संक्रांतीनंतर झाडांवर, तारांवर उरलेला नायलॉन मांजा हाही एक उमेदवार. २०१७ पासून देशभर बंदी आहे, आणि दर जानेवारीत आमच्या गच्चीवर येऊन पडतोच आहे. पण मांजा एखाद-दुसऱ्याचा पंख कापतो. पंधरांचा नाही.

बुधवारी पहिला फोन आला, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा. आमच्या कबुतरांच्या पायात फोन नंबरची आणखी एक पट्टी असते. त्यांच्या शेततळ्यात कबुतर बुडून मेलं होतं. शेततळ्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं आणि ते शेवाळून साबणासारखं निसरडं होतं. कुत्रं पडलं तरी वर येत नाही, तिथे कबुतराचं काय. मामा हळहळले. मला दुसरीच गोष्ट खटकली. फेब्रुवारीतल्या गार सकाळी, घर तीस-पस्तीस किलोमीटरवर असताना, धडधाकट होमर पाण्याला उतरेलच कशाला? तीन-साडेतीन तास तो विनापाण्याचा सहज उडतो. घर जवळ आलं की तर कधीच उतरत नाही.

गुरुवारचा फोन चांदवडकडच्या एका शाळेतल्या गुरुजींचा. व्हरांड्यात कबुतर दोन दिवस बसून आहे, मुलांनी ज्वारी टाकली तर चोचीत धरतं आणि टाकून देतं. मी म्हटलं, “सर, चोच उघडून एक फोटो काढता का?” त्यांनी काढला. एका हाताने कबुतर, दुसऱ्या हाताने चोच, आणि बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल. फोटोत घशाच्या कडेला पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळा थर दिसत होता.

कबुतरवाल्यांमध्ये याला कँकर म्हणतात. कॅन्सर नव्हे, नावात गोंधळ होतो. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय, शेपट्या हलवत पोहणारा जीव घशात आणि गळ्याच्या पिशवीत राहतो. मोठ्या कबुतरांत तो वर्षानुवर्षं असतो आणि बाहेरून काही दिसत नाही. दाणा खाणार, घुमणार, अंडी घालणार, सगळं ठीक. अंगावर ताण आला की मग उचल खातो. पसरतो पाण्याच्या भांड्यातून, नर-मादीच्या चोचीत चोच घालण्यातून, आणि सगळ्यात पक्का म्हणजे दुधातून, आईबापांकडून पिल्लात. (कबुतर खाणाऱ्या ससाण्यालाही हाच आजार होतो. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.)

दोन्ही कागदाचे जोडे आणि चिमणीचा जोडा पिंजऱ्यात घालून मी पशुवैद्यकांकडे नेले. डॉक्टरांनी ओल्या कापसाच्या काडीने पिशवीतला नमुना घेतला, कोमट सलाइनचा थेंब टाकला आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लगेच, कारण थंड झाला की जीव हलायचा थांबतो आणि मग ओळखू येत नाही. “या, बघा,” म्हणाले. कागदाच्या दोन्ही जोड्यांच्या नमुन्यात अख्खं दृश्य वळवळत होतं. चिमणीच्या नमुन्यात बराच वेळ शोधल्यावर एक-दोन.

त्या रात्री मी वही दुसऱ्या तऱ्हेने लावली. आजवर नेहमी बाप-आई धरूनच लावत आलो होतो, कारण सगळे तसंच लावतात. या वेळी मी रकाना बदलला: जन्म कोणाचा हे सोडून, वाढवलं कोणी.

बावीसपैकी १३ पिल्लं कागदाच्या जोड्यांनी स्वतः वाढवलेली. त्यांतलं परत आलं एक. उरलेली नऊ चिमणीखाली किंवा दुसऱ्या साध्या जोड्यांखाली वाढलेली, त्यांतली सहा परत. इथवर कुणीही म्हणेल की मग कागदाचं रक्तच हलकं. पण त्या नवांत पाच पिल्लं कागदाच्याच अंड्यांतली होती, आणि त्या पाचांतली तीन आली. तेच आईबाप, तेच रक्त. स्वतःच्या घरट्यात वाढलेल्या तेरांत एक, दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेल्या पाचांत तीन.

मामांना हे पानावर बोट ठेवून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे भाच्या, आपण रक्ताला नावं ठेवत होतो आणि दोष दुधाचा होता.”

मी हो म्हटलं, पण तेव्हाच दोन अडचणी बोलूनही दाखवल्या. पहिली अडचण: सगळी पिल्लं महिनाभराची झाली की एकाच ढाबळीत, एकाच भांड्यात पाणी पितात. मग चिमणीच्या पिल्लांना का नाही लागलं? लागलं असणारच. परत आलेल्यांपैकी दोघांच्या घशात ते सापडलंही. पण डॉक्टरांच्या मते फरक वयाचा आणि मात्रेचा. अंगावर पिसं नसताना, जगणं दुधावरच असताना दिवसाला दहादा तो डोस मिळणं वेगळं, आणि धडधाकट झाल्यावर भांड्यातून थोडा मिळणं वेगळं. दुसऱ्या तऱ्हेत पुष्कळदा प्रतिकारशक्ती तयार होते. दुसरी अडचण आमचीच करणी. महागाच्या जोड्यांकडून वर्षात जितक्या खेपा काढता येतील तितक्या मामांनी काढल्या होत्या. आधीची पिल्लं दाणा टिपायला लागायच्या आत पुढची अंडी. असा थकलेला जोडा पिल्लांना पोटभर भरवत नाही. तेव्हा तेरांचं जे झालं त्यात कँकर किती आणि उपासमार किती, हे आमच्या वहीवरून वेगळं काढता येत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांच्या हातात हात घालून आले.

मालेगावपर्यंत हे दिसलं का नाही, याचं उत्तर सोपं आहे. मालेगाव सरळ रेषेत शंभर किलोमीटर, दीड तासाचं उडणं. अर्धवट आजारी पाखरूही दीड तास थव्याच्या शेपटीला लटकून निभावून नेतं, आणि आम्ही नेहमी थव्यानेच सोडत होतो, तेही आग्रा रोडच्या रेषेवरून. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बांधून दाखवलंय की ओळखीच्या मुलखात कबुतरं रस्त्यांच्या, कुंपणांच्या रेषा धरून उडतात. आमची तर हायवेच धरून येत असणार, पुढचा जाणकार, मागचे नुसते वारकरी. सेंधव्याहून सुटल्यावर सातपुड्याचा घाट, त्यात ससाण्याने थवा फोडलेला, आणि मग ज्याचा त्याने विचार करायचा. तिथे घशात कँकर असलेलं, अर्धपोटी पाखरू कसं टिकणार?

आता रक्ताची बाजू, कारण ती मी वगळली तर मामा रागावतील आणि बरोबरही असतील. कागदाच्या एका जोड्यात नर हाच मादीचा बाप होता. हे तक्त्यात लिहिलेलंच होतं, विकणाऱ्याने तर ती जमेची बाजू म्हणून सांगितली होती. बाप-लेकीच्या पिल्लांत सगोत्र पैदाशीचा गुणांक २५ टक्के येतो, आजोबा-नातीच्या पिल्लांत साडेबारा. घराणं पक्कं करायला थोडी जवळची पैदास सगळेच करतात. पण ज्यांनी ती निभावली त्यांनी टोपलीची, म्हणजे लांबून सोडून पारखायची, चाळणी फार कडक ठेवली. जो घरी आला नाही, मागे पडला, आजारी राहिला, त्याचं नाव पुढच्या तक्त्यात आलंच नाही. चाळणी न लावता नुसती जवळची पैदास केली की दोष पक्के होतात, आणि त्यात रोगाशी लढायची ताकद कमी होणं हा नेहमीचा दोष. आमच्या कागदाच्या पिल्लांना कँकर इतका का भोवला, याचं थोडं कारण इथेही असेल. आम्ही दोन पिढ्यांत एकही पिल्लू सेंधव्यापलीकडे तपासलेलं नव्हतं. पैदास मात्र चालूच.

पुढे काय केलं ते थोडक्यात. ढाबळीतल्या एकूण एक कबुतराला एकाच दिवसापासून डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत औषध. एकट्या आजाऱ्याला देऊन उपयोग नाही, त्याचा जोडीदार तेच परत देतो. पाण्याची भांडी रोज घासून उन्हात कोरडी. हा जीव ओलाव्याबाहेर टिकत नाही, आणि नाशिकच्या उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा घ्यावा. कागदाच्या जोड्यांना चार महिने नर-मादी वेगळं ठेवून विश्रांती. बाप-लेकीचा जोडा मोडला. झाडताना मास्क लावायला मामींनी सक्तीच केली. मुंबईत कबुतरखान्यांवरून वाद पेटला तेव्हा त्यांनी कबुतराच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची बातमी कापून जिन्यात चिकटवली. मामांनी ती फाडली नाही. वाळवणाच्या दिवसांत आता जाळीही बंद असते.

पैदाशीत एक मुद्दाम केलं. पुढच्या मोसमात अंडी दोन्ही बाजूंनी बदलली: कागदाची काही चिमणीखाली, आणि चिमणीची काही कागदाखाली. मामांना दुसरी अदलाबदल पटत नव्हती. महागाच्या जोड्याने फुकटच्या मादीची पिल्लं पोसायची? पण त्याशिवाय दूध आणि रक्त वेगळं कळणार कसं. सरावही बदलला. आग्रा रोड सोडून सटाणा, येवला, सिन्नर अशा बाजूंनीही सोडायला लागलो, आणि थव्याऐवजी एकेक, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. हे फार कंटाळवाणं काम आहे. एका सकाळी सिन्नरच्या पुढे रस्त्याकडेला क्रेट घेऊन बसलो होतो, तेव्हा दोन जणांनी कोंबडीचा भाव विचारला.

पुढच्या फेब्रुवारीत सेंधव्याहून १६ सोडली, १२ आली, त्यांतली दहा त्याच दिवशी. कोणाखाली वाढलं याने आता ओळखू येईल असा फरक पडला नव्हता. कागदाखाली वाढलेली चिमणीचीही आली, चिमणीखाली वाढलेली कागदाचीही. पण आम्ही औषध, विश्रांती, सराव सगळं एकदम बदललं होतं, तेव्हा श्रेय कशाला किती हे मी सांगणार नाही. सोळा पाखरांवरून नियम निघत नाही. एक गोष्ट मात्र वहीत पुन्हा पुन्हा दिसते. त्याच दिवशी वेगात येणारी पहिली तीन-चार बहुतेक कागदाची. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाट चुकून, उपाशी, कधी पिसं गाळून पण येणारी जवळजवळ सगळी चिमणीच्या रक्ताची, मग ती कुणाच्याही दुधावर वाढलेली असोत. म्हणजे रक्त होतंच. फक्त आम्ही शोधत होतो तिथे नव्हतं.

चिमणी आता अंडी उबवण्याच्या कामावर नाही. तिला कागदाच्या नराशी लावलं आहे आणि त्यांची पहिली चार पिल्लं रिंगवर आली आहेत. वहीत आता तीन रकाने आहेत: बाप, आई, दूध. परवा त्या परराज्यातल्या विकणाऱ्याचा मामांना फोन आला होता, नवा जोडा आहे म्हणून. मामांनी तक्ता मागितला नाही. विचारलं, “घशाचा नमुना तपासलाय का?” पलीकडून आवाज नीट येत नाही असं उत्तर आलं.

या हिवाळ्यात इंदूर, सरळ रेषेत पावणेचारशेच्या जरा आत. चौदा निवडली आहेत. चांदवडच्या गुरुजींना तारीख कळवायची आहे. ते म्हणाले, शाळेच्या छतावर पाण्याचं पसरट भांडं ठेवतो, मुलांना त्या दिवशी वर बघायचं काम देतो. मी त्यांना म्हटलं, सर, ठेवा, पण आमची तिथे उतरली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका.